रांगोळीवरून गेलेली जीप

आमचे हे जाऊन, लिंगैक्य होऊन, चार महिने झाले होते, आणि सात रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजचं पुढं काय करायचं हे ठरवायला अख्खं सोलापूर मोकळं होतं. मला तेवढं कुणी विचारलं नाही. ही चौऱ्याहत्तरची गोष्ट. थोरले दीर गुरुसिद्धप्पा यांनी जागेसाठी एक चादरवाला बघूनसुद्धा ठेवला होता. गॅरेज मी चालवणार म्हटल्यावर ते हसले. तोंडावर उपरणं धरून हसले असते तरी मी सोडून दिलं असतं.

अकरा वर्षं मी यांच्या हातात पाने-पकडी देत होते. पहिल्यांदा गाडीखाली हे आणि बाहेर मी. पुढं यांची पाठ धरायला लागली, तेव्हापासून गाडीखाली मी आणि बाहेर हे. गिऱ्हाइकाला आम्ही कधी सांगितलं नाही, ती आमचीच चूक.

त्याच आठवड्यात अक्कलकोटचे तुरीचे व्यापारी ईश्वरप्पा जीप घेऊन आले. लष्कराच्या लिलावातली जीप. काळ्या रानात रुतू नये म्हणून त्यांनी स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून ती चार बोटं उंच करून घेतली होती. तेव्हापासून ती कुत्रं पळतं तशी तिरकी पळायची. तीन मिस्त्र्यांनी हात टेकले होते.

"संगप्पा गेले म्हनं," ईश्वरप्पा म्हणाले. "मग कोन बगनार?"

"मी."

दीर दारातल्या बाकावर बसले होते, भोवती त्यांचे पाच दोस्त. "दाक्षायणी, घराण्याचं हसं करू नको," ते म्हणाले. "ही गाडी सरळ चालली तर गॅरेज तुजं. न्हाय चालली तर किल्ली माज्या हातावर ठिवायची."

"ठिवते की. हे पाचजन साक्षीला हायतच."

मी गाडीखाली शिरले. पुढचा आस डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून तिथं एक आडवा दांडा असतो. त्याचं एक टोक वर चासीला, दुसरं खाली आसाला. गाडी उंच झाली, पण दांडा होता तेवढाच राहिला. आडवा होता तो उतरता झाला आणि आसाला आपल्याकडं ओढू लागला. उपाय साधा होता. आसावरचं ब्रॅकेट वर उचलायचं, म्हणजे दांडा परत आडवा होतो.

त्या तिघा मिस्त्र्यांनीही ब्रॅकेट हलवलंच होतं, पण गाडी जॅकवर चढवून. जॅकवर चाकं लोंबतात, दांडा आणखी उतरतो, मग तिथलं माप काय चुलीत घालायचं? ईश्वरप्पा काही जॅकवर बसून तूर विकायला जात नाहीत.

जाड पट्टी घालून मी दांड्याचं टोक वर घेतलं, पण पक्कं केलं नाही. गाडी चाकांवर उतरवली आणि ईश्वरप्पांना विचारलं, "पोती किती भरता?"

"चार."

चार पोती म्हणजे सहा माणसं. मी बाकाकडं बघितलं. "बसा गाडीत."

"आमी?" दीर म्हणाले.

"रिकामेच हायसा की. तुमचं वजन तरी कामाला येऊ द्या, भावजी."

ईश्वरप्पा खो खो हसले, तेव्हा दिरांना आणि दोस्तांना बसावंच लागलं. सहाजण दाटीवाटीनं बसले. हलू नका म्हणून मी त्यांना दोनदा दरडावलं. दोन्ही बाजूंना चासीवरून ओळंबा सोडून चाकापर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडं बोटभर जास्त. पट्टी सरकवली, परत मोजलं. सारखं आलं तेव्हा वेल्डिंग मारलं आणि बोल्ट आवळला, तोही वजन अंगावर असतानाच.

आता गाडी सरळ जाते हे दाखवायचं कसं? मी घरातून रांगोळीचा डबा आणला.

"त्याला हात लावू नको!" दीर जीपमधून ओरडले. "नवरा गेलेल्या बाया रांगोळी घालत्यात व्हय?"

चार महिने मी त्या डब्याकडं बघून तोंड फिरवत होते. त्या दिवशी फक्त राग आला. "विटाळ मोडणाऱ्या बसवेश्वरांचं नाव घेता आन् हे कुठलं शास्त्र काडलं?" म्हटलं, आणि मूठ भरली. गाडीच्या वाटेत मातीवर सहा आडवे पट्टे ओढले. गाडी तिरकी असेल तर पुढच्या चाकाशेजारी मागच्या चाकाचा वेगळा ठसा उमटणार.

ईश्वरप्पांनी गाडी काढली. ती सहाही पट्ट्यांवरून गेली. मी वाकून बघितलं. डावीकडं एकच चाकोरी, उजवीकडं एकच.

"सरी आयतु!" ईश्वरप्पा कानडीत ओरडले. झाली एकदाची नीट, असं गाडीच्या बॉनेटला थोपटून सांगत राहिले. दीर खाली उतरले आणि कुणाकडं न बघता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजच्या उंबऱ्यापुढं रांगोळी काढली. गाडीसाठी नव्हे, मला काढायची होती म्हणून. दीर आले आणि समोर थांबले. पायानं पुसतील असं वाटलं. मी पाना हातात घेऊन उभीच राहिले. त्यांनी धोतर सावरलं, रांगोळीच्या कडेनं आत आले आणि बाकावर बसले.

मग म्हणाले, "चादरवाल्याला काय सांगू?"

"सांगा, किल्ली माज्या कनवटीला हाय."