बाईंनीच सांगितलंय

रत्नाबाई दर रविवारी उपासना झाली की मुलांचा वर्ग घ्यायच्या. बोईसरच्या कारखान्यांच्या कडेला पत्र्याचं छोटं प्रार्थनागृह होतं, त्याच्या मागच्या पडवीत. मुलं बहुतेक जालना-नगरकडून कामाला आलेल्या ख्रिस्ती कामगारांची. एकटी नवसी तेवढी इथल्या पाड्यावरची. तिची आई बुधी प्रार्थनागृह झाडायला यायची. तिच्यासोबत आलेली नवसी हळूहळू वर्गातच बसायला लागली.

१९८५ च्या त्या रविवारी रत्नाबाई मुलांना म्हणाल्या, "येशू ज्यांच्याशी बोलला ना, त्यातल्या कितीतरी जणांशी गावात कुणी बोलतच नव्हतं. त्यानं नुसती मायेनं हाक मारली तरी माणूस उठून उभा राहायचा. देवानं तुमच्याही तोंडात तेवढी ताकद ठेवलीय. या आठवड्यात कुणाशी तरी असं बोला. पुढच्या रविवारी मला सांगा."

पुढच्या रविवारी मुलांनी सांगितलं. कुणी आजारी शेजारणीची चौकशी केली होती, कुणी भांडलेल्या बहिणीशी आपणहून बोललं होतं. नवसी शेवटी उठली.

"मी त्या मागच्या बाकावरच्या काकांशी बोलले. ते एकलेच बसतात, कुणाशी बोलत नाय. मी सांगितलं, काका, पुढं बसा ना. त्यांनी इचारलं, बाईंनी सांगितलंय का? मी बोलले, हाव, बाईंनीच सांगितलंय. मग ते रडले."

रत्नाबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला.

मागच्या बाकावरचा माणूस म्हणजे झुंबर, त्यांचा धाकटा दीर. चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच घरी राहायचा. रत्नाबाईंच्या सहा वर्षांच्या मुलीला, सुगंधाला, होड्या दाखवायला तो दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेला. गुडघाभर पाण्यात दोघं उभी होती. एक लाट आली आणि पोरीचा हात सुटला. दफनाच्या वेळी सगळ्यांसमोर रत्नाबाई त्याला म्हणाल्या होत्या, "तिच्याऐवजी तू का नाही मेलास?" त्या दिवशी झुंबर घर सोडून कामगारांच्या खोलीत राहायला गेला. रत्नाबाई पुन्हा त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे पती पुंडलिक तेवढे भावाला कारखान्याच्या फाटकाशी भेटायचे, घरी त्याचं नाव काढायचे नाहीत.

आज उपासनेला झुंबर पहिल्या बाकावर बसला होता. धुतलेला सदरा घालून. रत्नाबाईंना पाहून तो अर्धवट उठलाही होता. त्यांनी मान फिरवली होती. तो पुढे का आला, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"बाई, मी खोटं बोलले का?" नवसीनं विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बस खाली."

त्याच दिवशी जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. उद्या जाऊ म्हणाल्या, मग परवा. चार वर्षं धरून ठेवलेला राग सोडला तर सुगंधासाठी आपल्याकडे काहीच उरणार नाही, असं त्यांना वाटायचं. पुढच्या रविवारी झुंबर आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मग एका संध्याकाळी पुंडलिक दारातच म्हणाले, "झुंबर काम सोडून गावी गेला. कावीळ आहे म्हणतात, अंगात काही राहिलं नाही."

रत्नाबाईंनी प्रवासाची पिशवी काढली. म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाका."

जालन्याजवळच्या गावी पोचायला त्यांना दीड दिवस लागला. झुंबर ओसरीत बाजेवर पडून होता. डोळे हळदीसारखे झाले होते. त्यांना पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा, भाऊजी."

'भाऊजी' ऐकून त्यानं डोळे मिटले.

"वहिनी, पुढच्या बाकावर बसलो त्या दिवशी वाटलं, सुटलो. मग तुम्ही मान फिरवलीत."

"चुकलं माझं. दफनाच्या दिवशी बोलले तेही चुकलं. तुम्ही तिला मारलं नाही."

"हात माझ्याच हातातून सुटला."

"माहीत आहे मला. तरी तुम्ही मारलं नाही." त्यांनी त्याचा हात हातात घेतला. तो तापानं भाजत होता. "माझ्याइतकीच ती तुमचीही होती. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

झुंबरनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उशीर केलात, वहिनी." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं हात सोडवूनही घेतला नाही.

पाचव्या दिवशी तो गेला.

बोईसरला परतल्यावर रत्नाबाईंना वर्ग घ्यायचं धाडस होईना. तरी रविवारी त्या पडवीत आल्या. मुलं ओळीनं बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं. सुगंधाचं, दफनाच्या दिवसाचं, पहिल्या बाकाचं.

"मी तुम्हाला शिकवत होते आणि माझ्याच दिराशी चार वर्षं बोलत नव्हते. नवसीला जे जमलं ते मला जमलं नाही. मी बोलले तेव्हा त्याच्याकडे पाचच दिवस उरले होते."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. बाईंना असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नवसी उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"रडा, बाई," ती म्हणाली. "आमी थांबतो."