नव्व्याण्णव, लागू नाही

सरांच्या समाजशास्त्रात फक्त माणसं बसत. झाडं, पाणी, वारा यांनी चपलांसारखं दाराबाहेर राहायचं. "माणसाचं कारण माणसातच शोधायचं," हे सरांचं पालुपद, आणि विभागातली हंगामी मंडळी त्याची री ओढायची. धाकटीही ओढायची. तिला नोकरीत कायम व्हायचं होतं.

वस्तीत भांडणं फार होतात, कारण शोधा, मग उपाय करू, असं कचेरीने विभागाला कळवलं होतं. धाकटीची थोरली बहीण त्याच वस्तीत नांदत होती, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं.

"भांडणाचं कारण?" फॉर्म उघडून तिने बहिणीला विचारलं.

"विहीर," थोरली म्हणाली. "रंगाचा कारखाना आल्यापासून पाणी तोंडात धरवत नाही. चांगला नळ एकच, तोही तासभर. मग आम्ही झिंज्या उपटणार नाही तर काय? नीट लिही, आणि विहीर तपासायला लाव. नळाचं संपलं की पोरगी तेच पिते गं."

पोरगी मावशीच्या मांडीवर बसून पेनाचं टोपण चावत होती.

फॉर्मवर सासू, नवरा, दारू, शेजार, सगळ्यांना आकडे होते. पाण्याला नव्हता. कशातच बसत नाही त्याला नव्व्याण्णव, म्हणजे लागू नाही. एकशे बारा घरांनी विहीर सांगितली.

"विहीर काय भांडायला येते?" सर म्हणाले. "नव्व्याण्णव टाक आणि मोकळी हो."

तिने टाकले. बहिणीच्या फॉर्मवर हात जरा अडखळला, पण जराच.

नव्व्याण्णववाले मोजणीतून गळतात. उरलेल्या नऊ घरांवरून अहवाल झाला: वस्तीचा स्वभावच तापट. कचेरीने समुपदेशक पाठवला. तो बायकांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचा, आणि स्वतःपुरतं पाणी घरून आणायचा. त्याच्याकडच्या गठ्ठ्यात थोरलीने आपला फॉर्म पाहिला, धाकटीच्या अक्षरातला. या आकड्याचा अर्थ काय, तेही तिने त्यालाच विचारून घेतलं. धाकटी तोवर कायम झाली होती.

तीन वर्षांनी वारं फिरलं. निसर्गाला धरून समाजाचा अभ्यास करायची टूम निघाली आणि सरांना एकाएकी नदी-नाले आठवले. भाषणात त्यांचा गळाही दाटून येऊ लागला.

"ते नव्व्याण्णव काढ," ते धाकटीला म्हणाले. "सोनं आहे सोनं! पुन्हा वस्तीत जा. या वेळी विहिरीला पहिला आकडा."

पोरगी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी पाण्याचंच नाव घेतलं होतं. तेव्हापासून थोरली बहिणीशी एक शब्द बोलली नव्हती. आज मात्र तिने स्टूल पुढे सरकवलं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण फॉर्म तर भरायचा होता.

"घरात मोठी माणसं किती?"

"दोन."

"मुलं?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

थोरलीने तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"नव्व्याण्णव," ती म्हणाली. "लिही की. तुला येतं लिहायला."

नव्या फॉर्मवरही तो आकडा होताच. धाकटीने तो लिहिला.