लग्न झालं की जातं

नळाला पाणी आलं की कारभारींच्या घरात एकच धांदल उडे. संभाजीनगरात पाणी काही रोज येत नाही. आलं की ड्रम, घागरी, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. त्या सकाळी सगळं घर पाण्यामागे लागलं होतं आणि त्यांची वीस वर्षांची लेक कावेरी न्हाणीला आतून कडी लावून बसली होती.

"काय करायलीस गं इतका वेळ?" चतुराबाईंनी दार धडधडा वाजवलं. चतुराबाई म्हणजे कारभारींची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या आणि हळूहळू त्याच्या घराच्या मालकीण झाल्या.

"आले, आत्या."

कावेरी डोळे पुसत बाहेर आली. किती तरी दिवस तिला नको त्या जागी खाज सुटत होती. खाजवून कातडी सोलवटली होती. लघवीला बसलं की नुसती आग. कॉलेजात बाकावर बसवेना, म्हणून डोकेदुखीचं निमित्त सांगून तिने जाणंच बंद केलं होतं. आपल्याला काही भयंकर झालंय आणि ते लोकांना कळणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

तिने धुतलेले आतले कपडे पिळले आणि ड्रममागच्या दोरीवर, गोणपाटाखाली वाळत घातले. वर गच्चीवर लख्ख ऊन होतं. पण ते ऊन मिरच्यांसाठी, पापडांसाठी आणि पुरुषांच्या बनियनसाठी! बायकांचे आतले कपडे आणि पाळीची फडकी तिथे दिसता कामा नयेत, असा चतुराबाईंचा दंडक होता. त्या अंधारात कपडे कधी पुरते वाळत नसत आणि कावेरी तेच दमट कपडे पुन्हा अंगात घालत असे.

चतुराबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. दुपारी त्यांनी तिला कोपऱ्यात गाठलं.

"खाजतंय ना? कुणाला बोललीस?"

"नाय."

"बोलू बी नको. लोक म्हणतील, कारभारीची पोर कुठं तरी तोंड काळं करून आली. हे वयाचं असतंय. लग्न झालं की जातं."

एवढं सांगून त्यांनी फरशी पुसायचं औषध पाण्यात घालून तिला त्याने ती जागा धुवायला लावली. कावेरी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडली. पुढे तिला धड चालताही येईना. तेव्हा शहाण्या चतुराबाईंनी औषध आणखी वाढवलं आणि खुलताबादच्या पुंजारामकडे निरोप धाडला. त्याच्या मुलाचं स्थळ आधीच सांगून आलेलं होतं. आता फक्त घाई करायची होती.

कावेरीची आई वच्छलाबाई भाकरी थापत होती. कावेरी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. बसवत नव्हतंच तिला.

"आई, मला लई भेव वाटायलंय. लग्न झाल्यावर खरंच जातं का गं?"

वच्छलाबाईचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"व्हय," ती म्हणाली. "जातं."

ती धडधडीत खोटं बोलली होती. गेली कित्येक वर्षं तिला स्वतःलाच ही खाज छळत होती. मीठ झालं, लिंबू झालं, धुण्याचा सोडा झाला. नवऱ्यापाशी बोलायची तिची छाती झाली नव्हती. बोललो तर तो टाकून देईल, असं तिला वाटे. हे आपल्या कुठल्या तरी पापाचं फळ आहे आणि आता ते पोरीला लागलं, या भीतीने तिचं काळीज पोखरलं होतं.

सुपारी फोडायचा दिवस आला. बैठकीत सतरंजी अंथरली, पानसुपारीचं ताट मांडलं. पुंजाराम चार माणसं घेऊन आला. आत कावेरी दाराची चौकट धरून उभी होती. ती आईकडेच बघत होती. त्या "व्हय"वर विसंबून पोर उभी राहिली आहे, हे वच्छलाबाईला कळलं.

पुंजारामने सुपारी उचलली. वच्छलाबाई पुरुषांच्या बैठकीत शिरली.

"थांबा, पाव्हणं. पोरीला दुखणं हाय. आधी दवाखाना, मग सुपारी."

"अगं, काय लावलंस हे?" कारभारी ओरडले.

"आत चल!" चतुराबाईंनी तिचा दंड धरला. "बायकांचं दुखणं ते. लग्न झालं की जातं."

"माझं गेलं नाय, वन्सं."

वच्छलाबाईने दंड सोडवून घेतला. ती जागची हलली नाही. "माझं लग्न झालं, पोर झाली, ती पोर लग्नाला आली. तरी बी मला हाय. तिला मी खोटं सांगितलं. आता मारा, न्हायतर टाका."

पुंजारामने सुपारी ताटात ठेवली, टोपी सारखी केली आणि माणसं घेऊन तो चालता झाला. स्थळ गेलं. कारभारी भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी रिक्षाने औरंगपुऱ्यात डॉक्टर सगीरबाईंकडे गेल्या. पहारा ठेवायला चतुराबाई बरोबर होत्याच. त्या तोंडावर पदर ओढून बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी कावेरीला तपासलं, विचारपूस केली. "बेटा, यात पाप नाही की लफडं नाही. ही बुरशी आहे. ओल्या कपड्यांत ती फोफावली, आणि फरशीच्या औषधाने कातडी जळाली. ते आजपासून बंद. साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं. कपडे सुती घालायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. मी देते ते मलम पुरतं संपवायचं, मधेच सोडायचं नाही."

मग त्यांनी वच्छलाबाईचंही ऐकून घेतलं आणि तिच्या रक्ताची तपासणी केली. साखर भरमसाट वाढलेली निघाली. "ताई, तुमची खाज या साखरेमुळे आहे. खाज दोघींना, कारण वेगळं. म्हणून तर शेजारणीचं औषध चालत नाही, तपासावं लागतं. तुम्ही आणखी उशीर केला असता तर डोळे गेले असते, मूत्रपिंडं गेली असती."

वच्छलाबाई लेकीला धरून रडायला लागली. तेवढ्यात पडदा हलला. चतुराबाई आत आल्या होत्या.

"डॉक्टरीणबाई," त्या खाली बघत म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईला बी तपासता का वो?"

"वन्सं! तुमचं बी...?"

"माझं बी कधी गेलं नाय. माझ्या मायनं सांगितलं व्हतं, म्हणून मी सांगत आले."

वाचकहो, आपल्याही घरात आज कुणी न्हाणीला कडी लावून बसलेली असेल. दार वाजवू नका. ती बाहेर आली की जवळ बसवून विचारा. ती "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा विचारा.