पाचला गेलेला, आठला परतलेला

मी मायक्रोफोन. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज माझं ऐका. मला नुसते कान आहेत, डोळे नाहीत; तेव्हा सांगताना थोडा गोंधळ होईल, सांभाळून घ्या.

हॉलिवूडच्या एका रेडिओ स्टुडिओत मला उभं केलं तेव्हा मी नवाकोरा होतो, फक्त बैठक जरा डुगडुगायची. दर सोमवारी सिनेमातली मंडळी माझ्यापुढे रेडिओवर थेट नाटक वाचत, तेही दोनदा. आमच्याकडे पाच वाजले की न्यूयॉर्कची जेवणं उरकत आलेली असत, म्हणून पाचला त्यांच्यासाठी. आणि आठला आमच्या बाजूच्या लोकांसाठी तेच पुन्हा. पाचला मेलेला माणूस आठला खोकत यायचा. मला भुताटकीच वाटे.

व्हर्ना हॅडली माझ्यापुढे यायची ती बांगड्या काढून, खुळखुळाट नको म्हणून. पडद्यावर म्हणे ती भल्याभल्यांना दटावायची. इथे मात्र तिच्या हातातल्या कागदाची सळसळ घराघरांत जाई. कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या साबणवाल्या साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, की आता एकदा अडखळली तर पुढच्या सोमवारी दुसरी कोणीतरी.

तिला धीर द्यायचा एमेट डॉयल. नाटकातल्या दारांचे, वादळांचे, पावलांचे आवाज सगळे त्याच्या हातचे. दोन बूट हातांत घालून तो फळीवर चाले. एका टाचेचा खिळा टकटक करायचा. तो म्हणे, "बाई, तुम्ही चुकलात की मी दार आपटतो. लोक दचकतील नि विसरतील." ती हसायची. पण त्या आठवड्यात तो न्यूयॉर्कची नोकरी धरून कायमचा निघाला होता. तिनं त्याचं अभिनंदन केलं, जरा जास्तच नीट.

त्या सोमवारच्या नाटकात नवरा घर सोडून जातो. पाचला तो बिनबोभाट गेला. वाचलेलं पान आवाज न करता गालिच्यावर सोडायचं, असा तिथला रिवाज. तिनं आपली पानं स्वतःच गोळा केली.

आठला नवरा म्हणाला, "निघतो मी." एमेटच्या बुटांची दोन पावलं वाजली. तिचा कागद सळसळला, पुन्हा सळसळला. शेवटचं पान नव्हतंच.

"थांब," ती म्हणाली. "जाणाऱ्याला काय म्हणायचं ते मला कुणी लिहून दिलेलं नाही. तू इथे हवा आहेस. एवढंच येतं मला."

बूट थांबले. मग वळले आणि टकटक करत परत आले. वाद्यं वाजू लागली.

म्हणजे अर्ध्या देशात नवरा गेला आणि अर्ध्या देशात परतला. साहेबांनी विचारलं, हे असंच लिहिलेलं होतं का? दिग्दर्शकानं "हो" ठोकून दिलं. व्हर्ना राहिली. आणि पुढच्या सोमवारी फळीवर तीच टाच वाजली. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

एक राहिलंच. त्या दिवशी दोन्ही खेळांच्या मधे सगळे जेवायला गेले होते, तेव्हा बांगड्या वाजत माझ्याजवळ आल्या. कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला आणि माझ्या बैठकीखाली काहीतरी सरकलं. मला वाटलं, बाई मायाळू, माझं डुगडुगणं थांबवलं.

आता मी संग्रहालयाच्या कपाटात आहे. कागद अजून पायाखालीच आहे. कुणीतरी काढून वाचा ना त्यावर काय आहे. मी डुगडुगलो तरी चालेल.