नदीचा झगा

"उंचीला दोन बोटं कमी करा आणि कमरेत थोडं आत घ्या. पडदा उघडायच्या आत होईल ना, मास्तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मास्तरांना आधी कळलंच नाही की त्या कोणत्या कपड्याबद्दल बोलताहेत. शाळेचे गणवेश आणि स्नेहसंमेलनाचे पोशाख तेच शिवायचे, त्यामुळे आयत्या वेळच्या निरोपांची त्यांना सवय होती. बाईंचा निरोप मिळताच दुकान ओढून घेऊन, कात्री आणि सुईदोरा खिशात टाकून ते तसेच आले होते. मग त्यांनी पाहिलं. स्टेजमागच्या खोलीत आरशासमोर शाळेच्या अध्यक्षांची नात उभी होती आणि तिच्या अंगावर नदीचा निळा झगा होता. मास्तरांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यावर हिरव्या कागदाची टोपी होती. ती आता झाड होती.

संगीतिकेत नदीला सगळ्यात जास्त गाणी होती. गाण्याच्या सरांनी साऱ्या शाळेतून नदीसाठी मास्तरांच्या मुलीला निवडलं, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. ती गायची आणि मास्तर त्या तालावर मशीनचं पायडल मारायचे. तिच्या वयाचे असताना तेही असेच शाळेच्या स्टेजवर गायले होते. लोकांनी वन्समोअर दिला होता. पुढे वडील गेले, शाळा सुटली आणि ते काकांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसले. आयुष्यात आपल्याला कुणी 'पुन्हा एकदा' म्हटलं ते तेवढंच, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचे. बायको म्हणायची, "झालं यांचं सुरू. ती गोष्ट मात्र न मागता वन्समोअर."

"हिचं काय झालं?" त्यांनी मुलीकडे बघत विचारलं.

बाईंनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन येणार होते, नातीचीही गाणी पाठ होती, आणि मुलीला पुढच्या वर्षी नक्की संधी मिळणार होती. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, पुढच्या वर्षी ती इथे नसणार, हे बाईंना ठाऊक नव्हतं की ठाऊक असणं सोयीचं नव्हतं, कोण जाणे. मास्तरांनी गाण्याच्या सरांकडे पाहिलं. सर व्हायोलिनच्या खुंट्या पिळत होते. मघापासून पिळतच होते.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नातीशी ते हळूच बोलले. तुझा काही दोष नाही बाळ, म्हणाले, तेवढा झगा काढून दे. तिने तो पडद्याआड जाऊन काढून दिला. मास्तर बाकावर बसले, चष्मा लावला आणि कात्रीचं टोक शिवणीत घातलं. बाई निर्धास्तपणे पाहुण्यांच्या खुर्च्या बघायला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा बाह्या सुटल्या होत्या, गळ्याची पट्टी निघाली होती, चंदेरी काठ वेगळा गुंडाळून ठेवला होता. मास्तरांनी शेवटची शिवण उसवली, सगळे तुकडे एकावर एक रचले आणि नीट घडी करून बाईंच्या हातात दिले.

"कापड शाळेचं आहे, ते घ्या. शिलाई माझी होती. ती मी घेऊन चाललो."

गणवेशांचं काम यापुढे दुसरीकडे जाईल, असं बाई दातओठ खात म्हणाल्या. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. मुलीचं मनगट धरून निघताना ते सरांपाशी थांबले. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "सर, निदान तुम्ही तरी." सरांनी आणखी एक खुंटी पिळली.

रस्त्यावर मात्र मास्तरांचं तोंड सुटलं. आत जे बोलता आलं नव्हतं ते सगळं ते एकट्यानेच बोलत चालले होते. कोपऱ्यावर मुलीने हात हिसडून घेतला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"शेवटचं गाणं सगळे मिळून गातात," ती म्हणाली. "झाडंसुद्धा."

त्यांनी तुझा अपमान केला, असं मास्तर म्हणाले.

"माझा केला ना? मग मी बघितलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत. मला गायचं होतं."

मास्तर भर रस्त्यात उभे राहिले. झगा उसवताना त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. डोळ्यांसमोर होतं ते त्यांचं स्वतःचं स्टेज. हे लक्षात आलं आणि राग आणखीच चढला. आता तो कुणावर काढायचा, हे मात्र कळेना.

ते मागे फिरले. फाटकावर शिपायाने मुलीला आत सोडलं आणि मास्तरांपुढे हात आडवा धरला. मोठ्या बाईंनी तसं सांगितलं होतं. हे बोलताना तो मास्तरांनीच शिवलेल्या आपल्या शर्टाची बटणं चाचपत राहिला. मुलगी केव्हाच आत पळाली होती.

मास्तर सभागृहाच्या मागच्या भिंतीशी, उंच खिडकीखाली उभे राहिले. नदीची गाणी झाली. अध्यक्षांची नात झगा नसतानाही सुरात गात होती, कुठेही चुकत नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. मग सगळ्यांचं गाणं सुरू झालं. मास्तरांनी भिंतीला कान लावला. रोज घरात घुमणारा तो आवाज त्यांना त्या इतक्या आवाजांतून वेगळा काढता येईना. शोधता शोधता गाणं संपलं.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या गालाला हिरवा रंग लागला होता.

"ऐकू आलं?" तिने विचारलं.

"आलं," मास्तर म्हणाले.

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पुढे चालू लागली. घर येईपर्यंत मास्तर तिच्या मागून, थोडं अंतर राखून चालत राहिले.