सावडीचा रविवार

आमच्या मालकांना कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई, हेच आमच्या घराचं दुखणं. गोकुळ त्यांचं नाव. डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी, आणि फोनला रेंज फक्त आमच्या अंगणात. त्यामुळं पुण्यातल्या जेवढ्या म्हणून संस्था गरिबांना काही वाटायला निघत्यात, त्या सगळ्यांकडं ह्यांचा नंबर. पावसाळ्यात रेनकोट, थंडीत ब्लँकेट, दिवाळीला फराळ. फराळ वाटणाऱ्यांची तर अशी झुंबड उडती, की एका वर्षी पोरांनी चकल्या म्हशीला घातल्या.

देणाऱ्याला मी नावं ठेवत न्हाई. पण दिवाळी म्हंजे आमच्याकडं भात काढायचं दिस. सगळी वाडी वावरात असती. एवढी शिकलेली माणसं, त्यातल्या एकालाही हे ठावं नसावं, ह्याचा मला लई वैताग येतो.

औंदा आमचा भात कापून झाला व्हता, उन्हात वाळलाही व्हता. आता भारे बांधायचे, डोक्यावर खळ्यावर आणायचे, रचून वर प्लास्टिकचा कागद टाकायचा, एवढंच ऱ्हायलं व्हतं. हे काम दोघा-तिघांचं न्हाई. त्याला आमच्यात सावड करत्यात. आज सगळी वाडी तुमच्या वावरात, उद्या तुमी दुसऱ्याच्या. पैशाचा संबंध न्हाई, फक्त पाळी. रविवारची पाळी आमची व्हती. रविवारी संध्याकाळी पाऊस येणार, असं मोबाईलवर सांगत व्हते. मी म्हनलं येऊदे, तवर आमचा वर्षाचा भात खळ्यावर आलेला असेल.

शनिवारी वृषालीताईंचा फोन आला. ही पुण्याची बाई, दर दिवाळीला बस भरून माणसं आणती. बोलायला लई गोड. सकाळी दहाला येतो म्हनाली, सगळी वाडी शाळेत जमवून ठेवा. ज्याची पिशवी त्यानंच हातात धरून बॅनरखाली उभं ऱ्हायचं, कारण ज्यांनी पैसे दिले त्यांना फोटो पाठवावे लागत्यात. मी शेजारी उभी राहून हातानं नको नको करत व्हते. आमचं मालक माझ्याकडं पाठ करून म्हनलं, या की ताई. फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते हितं सांगण्यासारखं न्हाई. त्यांचं आपलं एकच, पावण्यांना नको कसं म्हनायचं, दहाला येतील, अकराला जातील, मग भारे.

दहाला कुणी आलं न्हाई. अकराला फोन आला की नारायणगावात नाष्टा चाललाय. बाराला कळलं, एवढं लांब आलोच हाये तर शिवनेरी बघून येतो. आणि आमची सगळी वाडी शाळेच्या पडवीत ओळीनं बसलेली. मी जाऊन सांगितलं, अरे चला, तोवर चार भारे तरी व्हतील. शेजारचा भिकाभाऊ जागचा हलला न्हाई. म्हनला, जया, पाळी आमाला बी कळती, पण पिशवीत साडी हाये, आणि माणूस समोर नसलं की पिशवी दुसऱ्याला देत्यात. राग आला मला. पण खोटं काय बोलत व्हता तो? मागच्या वर्षी त्याचीच पिशवी गेली व्हती.

मालक पावण्यांसाठी शाळेतच, मग मी आणि सासूबाई, दोघीच वावरात. सासूबाईंना उभं ऱ्हायचं तर गुडघा धरावा लागतो, त्या काय भारे वाहणार? त्या बांधत व्हत्या, मी वाहत व्हते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं आभाळ काळं पडाय लागलं.

दीडला बस आली. पिवळे शर्ट घातलेली माणसं उतरली, एकाकडं आकाशात उडणारा कॅमेरा. बॅनर वाऱ्यानं तीनदा पडला. भाषणं झाली, पोरांना नाचवून झालं. मी तशीच धुळीच्या अंगानं शाळेत गेले आणि वृषालीताईंना म्हनलं, ताई, आमचा भात वावरात हाये, माणसं सोडा. तिनं माझा हात हातात घेतला. हो हो ताई, फक्त पाच मिनिटं, म्हनाली. निम्म्या पिशव्या वाटून व्हायच्या आत पाऊस आला.

पिशव्या टाकून सगळे पळाले, आमचं मालक सगळ्यांच्या पुढं. आता पळून काय उपयोग? भिजलेला भारा उचलला की दाणा चिखलात गळतो. मी वावरात मधोमध उभी ऱ्हायले आणि मोठ्यानं रडले. पुढं चार दिस पाऊस हटला न्हाई. लोंब्यांना कोंब फुटले. वर्ष काढायचा भात, त्यातला कणगीचा तळ झाकंल एवढा हाती लागला.

त्या दिवशी वृषालीताई छत्री घेऊन चिखलात उतरली व्हती. तिच्या डोळ्यांत पाणी व्हतं, आणि ते खरं व्हतं, मी उगाच खोटं बोलणार न्हाई. मी तिला विचारलं, एक पिशवी आमच्या हातात पडायला तुमाला किती पडतं? तिनंही लपवलं न्हाई. बस, शर्ट, बॅनर, नाष्टा, कॅमेऱ्यावाला, हाफिसातल्या मुलीचा पगार, हे सगळं जाऊन रुपयातले पाच-सहा आणे पिशवीत येत्यात म्हनाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"ताई, पुढल्या वर्षी फराळ नको," मी म्हनलं. "त्याच बसमधी माणसं आणा, हातात विळे द्या आणि आमच्या सावडीला उभी करा."

"कल्पना छान आहे हो," ती म्हनाली. "पण लोक वस्तूसाठी पैसे देतात. हातांसाठी कोण देणार?"

आठ दिवसांनी मालकांनी फोन माझ्यापुढं धरला. वावरात उभी राहून रडतानाचा माझा फोटो, वर लिहिलेलं, अवकाळीनं हिरावला घास. दिवाळीपेक्षा दुप्पट पैसे जमले, असं वृषालीताई आनंदानं सांगत व्हती. आता रविवारी तांदूळ घेऊन येतो, सगळ्यांना जमवा. सगळ्यांना का, तर एकट्या जयाताईंना दिलं तर बरं दिसत न्हाई. घरटी पाच किलो.

मी जाणार न्हाई म्हनून बसले व्हते. सासूबाईंनी कणगीत हात घालून बघितला आणि म्हनाल्या, "रागानं पोट भरतं का गं?"

गेले. त्यांनी पिशवी हातात दिली, कॅमेरा तोंडासमोर धरला आणि म्हनले, दोन शब्द बोला. मी बोलले. "आमचा भात तुमची वाट बघता बघता भिजला. तुमी दहाला येतो म्हनून दीडला आला. हे तांदूळ तुमी दिले न्हाईत, आमचेच परत केले." वृषालीताईंची मान खाली गेली. मला वाटलं, चला, ज्यांनी पैसे दिले त्यांच्या कानावर एकदा तरी खरं पडंल.

दोन दिसांनी तो व्हिडिओ आला. मीच व्हते त्यात. पिशवी छातीशी धरलेली, तोंड हलतंय, आणि माझ्या बोलण्याच्या जागी बासरी वाजतीय. खाली लिहिलं व्हतं, जयाताईंचे शब्द ओठांतच राहिले, अशा अनेक जयाताई तुमची वाट पाहत आहेत. त्याच्याखाली खात्याचा नंबर. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली व्हती.

आमचं मालक म्हनलं, बघ, किती छान दिसतीस. मी फोन पालथा ठेवला आणि ते तांदूळ निवडायला घेतले, कारण रातच्याला शिजवायला घरात दुसरं काय व्हतं?