कडेकडेने

घर बघायला गेलो की माझ्या नवऱ्याला सगळं गोडच दिसतं आणि मला सगळं मोडकंच. खिडकीची चौकट कुजलेली? "दोन रविवारचं काम!" मोरीचं पाणी तुंबतंय? "दोन रविवारचं काम!" कारखान्यात दिवसभर यंत्रं दुरुस्त करतो ना, त्याला वाटतं पाना घातला की सगळं सरळ होतं. मी म्हटलं, "अरे, तुझे सगळे रविवार या घरातच जाणार." तर नुसता हसला.

पण हे घर हातचं जाऊ द्यायचंही नव्हतं. आमच्या भाड्याच्या खोलीचा मालक 'जागा रिकामी करा' म्हणून हात धुऊन मागे लागला होता, आणि आमच्या ऐपतीत बसणारं घर हे एवढंच. खाली दोन ओल आलेल्या खोल्या, वर लाकडी जमिनीची एक मोठी खोली. विकणारे म्हातारे नवरा-बायको, बोलायला मोठे लाघवी. खालच्या छताला मात्र कोऱ्या पांढऱ्या फळ्या ठोकलेल्या. कशाला, असं विचारलं तर आजोबा म्हणाले, "शोभेसाठी हो."

शोभा! बाहेरचं फाटक एका बिजागरीवर लोंबतंय आणि यांना छताची शोभा. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण नवरा डोळे वटारतोय हे बघून गप्प बसले.

वरची खोली बघितली आणि खरं सांगते, आवडली. पलंग, कपाट, शिलाई मशीन, सगळं भिंतींना चिकटून. मधली जागा मोकळी. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळं प्लास्टिक अंथरलेलं. "घर राखावं तर असं," मी आजींना म्हटलंसुद्धा. त्या चष्मा पुसत राहिल्या.

आम्ही दाराशीच होतो. आजोबा आम्हाला खिडकी उघडून दाखवायला निघाले. खिडकी अगदी समोर, पण ते सरळ गेले नाहीत. आधी पलंगाच्या बाजूने, मग कपाटाला खेटून, मग मशीनला वळसा घालून पोचले. म्हातारं माणूस, आधार धरत असेल, असं वाटलं. मग आजी गेल्या. त्याही तशाच.

मी खाली बघितलं. भिंतीकडेचं प्लास्टिक झिजून पांढरं पडलं होतं, माळावर पायवाट पडते तसं. मधलं मात्र निळंशार, दुकानातून आणलं तसंच. तिथे कधी कोणाचं पाऊलच पडलं नव्हतं.

मी मागे वळले. "भिंगरी कुठाय?"

भिंगरी म्हणजे आमची पाच वर्षांची लेक. एका जागी ठरेल तर शपथ! एवढी मोकळी जमीन बघून ती बापाचा हात सोडवून धावत सुटली होती.

"नको!" आजी किंचाळल्या. "मध्ये नको!"

पोरगी दचकून थांबली. नेमकी मधोमध. तिच्या पायांखाली करकर वाजलं आणि तिथलं प्लास्टिक हळूच खाली दबलं.

नवरा झेपावणार तोच मी त्याचा शर्ट धरला. "तुझं वजन किती, वेड्या!"

"आई," भिंगरी म्हणाली. ओठ थरथरत होते. घाबरली की ती उडी मारून माझ्या गळ्यात पडते. गुडघे वाकलेच होते तिचे. नको गं बाई, उडी नको मारूस.

आजींचा आवाज एकदम शांत झाला. "बाळा, मनीमाऊ होतेस का? हळूच पोटावर झोप. हां. आता आईकडे सरक." या बाईने हे आधीही कोणाला तरी सांगितलंय, हे मला कळलं.

मी हसत होते. तोंडभर हसून 'म्याव' करत होते आणि आतून जीव जात होता. ती वीतभर सरकली की करकर. पुन्हा वीतभर, पुन्हा करकर. तिची बोटं हाताला लागली तशी मी तिला अशी खेचली की दोघी दाराबाहेर जिन्यावरच आपटलो.

मग माझं तोंड सुटलं. "माझी पोर गेली असती! वर प्लास्टिक, खाली फळ्या, आणि म्हणे शोभा! माणसं आहात की कोण?"

आजोबांनी मान वर केली नाही. आजी रडायलाच लागल्या. "वाळवीने या जमिनीखालच्या तुळया खाल्ल्यात. आमचा मुलगा कमरेपर्यंत आत गेला होता. तेव्हापासून तो घरात पाय ठेवत नाही. खाली ओल, झोपायला ही एकच खोली. आम्ही दोघं कडेकडेने राहतो, बाई. सवय होते."

आता हा दोन रविवार म्हणतो की काय, म्हणून मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंगरीला उचलून जिना उतरला, तोही भिंतीला खेटूनच.

आमच्या भाड्याच्या खोलीला फरशी आहे आणि फरशीखाली माती. संध्याकाळी मी लेकीला जेवायला हाक मारली. ती पलंगावरून उतरली, कपाटाला हात लावला आणि भिंतीला पाठ टेकवून एकेक पाऊल सरकत यायला लागली.

"अगं, मधून ये ना. इथे काही नाही होत."

"आई, तू आधी."

त्यात काय एवढं, म्हणून मी निघाले. खोली ती केवढीशी. मी पाय उचलला आणि मला तो खाली टेकवेना.